ज्यानं त्यानं आपापलं बोलायचं

५ जानेवारी, रविवार

मुलानं, सौरभनं, पुण्याहून त्याच्या कंपनीची डायरी पाठवली आहे. जाड पुठ्ठा, सोनेरी कडा. बायकोचा, कौसल्येचा, तिच्यावर डोळा होता, पाककृतींची कात्रणं चिकटवायला. मी आधी आत नाव घालून टाकलं. एरवी मी डायरी लिहिणाऱ्यातला नव्हे. पण आज एक नवीन काम सुरू केलं आहे आणि त्याची नोंद राहावी असं वाटतं.

मला निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. अडतीस वर्षं पोरांना विज्ञान शिकवलं, आता पेरूच्या बागेला शिकवतो. बाग निदान ऐकते. बागेतल्या शेडमध्ये दर रविवारी दुपारी आम्ही तिघं बसतो. तिघंही बारामतीच्या बोर्डिंगात एका खोलीत होतो. बाबालाल मुलाणी आमच्या कळस गावचाच. एसटीत कंडक्टर होता, बारामती डेपोतून निवृत्त झाला. शांतवन भिगवणचा, ख्रिस्ती. सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होता. चर्च सुटलं की स्कूटरवर येतो आणि कधी कधी हँडलला चिलापी माशांची पिशवी लटकलेली असते.

गप्पा काय, तर गुडघे, रक्तातली साखर आणि जावई. त्याचा मला वीट आला होता. पन्नास वर्षांची मैत्री, सणाला एकमेकांच्या घरी जेवलो, पण एकमेकांच्या धर्माबद्दल एक सरळ प्रश्न कधी विचारला नाही. बाहेर मात्र जो उठतो तो दुसऱ्याच्या धर्मावर बोलतो, आणि मोबाईलचं तर विचारूच नका. म्हणून मी आज प्रस्ताव मांडला, की दर रविवारी धर्मावर मोकळं बोलायचं. नियम असा, की ज्यानं त्यानं आपापल्या धर्माचं बोलायचं, दुसऱ्याच्या नाही. दुसरा नियम, खरं बोलायचं. शांतवन म्हणाला, हे गुडघ्यांपेक्षा अवघड आहे. बाबालाल बराच वेळ पेरूला मीठ लावत बसला आणि मग त्यानं तिसरा नियम घातला: शेडमधलं शेडमध्ये. मी मान्य केलं. डायरी म्हणजे शेडच.

१२ जानेवारी, रविवार

पहिली पाळी शांतवनची. मला वाटलं होतं, बायबलातलं काही तरी सांगेल. त्यानं आपल्या मुलीचं सांगितलं. नगरकडचं स्थळ आलं होतं, सगळं जुळलं, पास्टरांनी प्रार्थनाही केली. मग मुलाच्या आजीनं विचारलं, तुमचे पणजोबा ख्रिस्ती व्हायच्या आधी कुठल्या वस्तीत राहायचे? शांतवननं खरं ते सांगितलं. पुढच्या रविवारी नकार आला. तो सांगताना आवाज चढवत नव्हता, पुडी बांधताना गोळ्या किती वेळा घ्यायच्या ते सांगावं तसं सांगत होता. म्हणाला, अजून प्रार्थनेला जातो, पण 'आम्ही सारे एक' हे गाणं आलं की तोंड मिटून उभा राहतो.

मला फार समाधान वाटलं. हेच पाहिजे होतं. मी त्याला म्हटलंसुद्धा, वा, काय प्रामाणिक बोललास. बाबालालनं आपल्या वाटणीची खारी बिस्किटं शांतवनपुढं सरकवली.

१९ जानेवारी, रविवार

आज माझी पाळी. पाऊण तास बोललो. कर्मकांड, जातिभेद, देवळातले धंदे, कशालाही सोडलं नाही. निसर्गाचे नियम हाच देव, हे शेवटी सांगितलं. तयारी करून गेलो होतो, त्यामुळे चांगलं जमलं.

झाल्यावर बाबालाल म्हणाला, "हे पुस्तकातलं झालं. तुझं काय?"

मी म्हटलं, हेच माझं. तो "बरं" म्हणाला आणि चप्पल घातली.

घरी आल्यावर तो प्रश्न डोक्यात राहिला म्हणून लिहितो. एक गोष्ट सांगता आली असती. २००१ साली सौरभ सहा वर्षांचा असताना त्याला फिट येऊ लागल्या. बारामतीचे दोन डॉक्टर झाले. त्या वर्षी मी शाळेत भानामतीचे प्रयोग उघडे पाडण्याचा कार्यक्रम बसवला होता, टाळ्या घेतल्या होत्या. आणि त्याच वर्षी तीन अमावस्या ओळीनं मी पोराला खांद्यावर टाकून, पिशवीत काळी कोंबडी घेऊन, नीरेपलीकडं एका देवऋष्याकडं गेलो. बारामतीहून एसटी बदलून, म्हणजे गावातलं कोणी दिसू नये. कौसल्येला सांगितलं, साताऱ्याच्या डॉक्टरकडं जातो. पुढं पुण्याच्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी पोरगं बरं झालं. हे आजपर्यंत कोणाला माहीत नाही.

पण ती गोष्ट चर्चेच्या कामाची नव्हती. तो काही धर्म नव्हे. तो एका बापाचा घाबरटपणा होता.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन करून आलो. दुपारी बाबालालची पाळी.

आधी एक लिहून ठेवायला हवं. आमच्या बांधावर लिंबाखाली गैबीपिराचं ठाणं आहे, चुन्यानं रंगवलेली एक चौथऱ्याएवढी समाधी. पणजोबांचा नवस होता, म्हणून दर माघात आमची भावकी त्याची कंदुरी करते. बकरं, मलिदा, अकरा घरं जेवायला. बकऱ्यावर सुरी मुलाण्यानं फिरवायची आणि पिरापुढं फातेहाही, म्हणजे त्यांची अरबीतली प्रार्थना, मुलाण्यानंच द्यायची, हा बाबालालच्या घरचा मान. पूर्वी त्याचा बाप यायचा, बाप गेल्यापासून तो. डेपोत असतानाही त्या दिवसाची रजा तो वर्ष वर्ष आधी सांगून ठेवायचा.

आज तो पिराबद्दलच बोलला, आणि बायकोबद्दल, जुलेखाबद्दल. जमिनीकडं बघत.

"जुलेखाची किडनी गेली तवा मी पिराला चाळीस गुरवार दिवा बोललो. पहाटं जाऊन लावायचो, कुणाला म्हाईत न्हाय. एकुणचाळिसाव्याला ती गेली. तवापास्नं मी फातेहा देतो, पर नुसत्या तोंडानं. तितं कोण ऐकतंय आसं मला वाटत न्हाय."

शांतवननं विचारलं, मग देतोस कशाला?

"कुशाकाकू डोळं मिटून हात जोडून हुबी असती. तिला वाटतं, पोचलं. मग मी म्हणतो."

कुशाकाकू म्हणजे माझी चुलती, आमच्या भावकीतली सगळ्यात जुनी बाई. नव्वदीला आली आहे.

बाबालाल पुढं म्हणाला की त्याचा मुलगा यासीन आणि मशिदीतले मौलाना यांनाही पीरबीर पटत नाही, पण ते पुस्तकात नाही म्हणून. त्याचं तसं नाही. त्याचं होतं ते गेलं. हे घरातही कोणाला ठाऊक नाही, म्हणाला.

शांतवननं त्याच्या पाठीवर हात ठेवला. एक मुसलमान माणूस, फारसा न शिकलेला, एवढं स्वच्छ बोलू शकतो आणि तो माझा मित्र आहे, याचा मला अभिमान वाटला. हे चार लोकांना कळायला हवं असंही वाटलं. शाळेत असतो तर परिपाठात सांगितलं असतं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

भावकीची बैठक झाली. कंदुरी तेवीस तारखेला ठरली.

तारीख ठरेपर्यंत ठीक होतं. मग अविराज उठला. माझ्या चुलतभावाचा मुलगा, खताचं दुकान आहे, गावातल्या मंडळाचा अध्यक्ष. म्हणाला, या वर्षीपासून बकरं आपलाच माणूस कापेल. शेत आपलं, नवस आपला, मग मंतर त्यांचा का? दोघा-तिघांनी माना हलवल्या. मी म्हटलं, पणजोबांपासूनचा मान आहे, त्यात धर्म आणू नका. त्यावर तो हसून म्हणाला, "आबा, तुमी साधं. ही माणसं वरनं गोड असत्यात, आतनं कट्टर."

माझं डोकं फिरलं. अडतीस वर्षं वर्गात कोणी मला असं हसून उत्तर दिलं नव्हतं. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "कट्टर? अरे, त्याचा तर पिरावर विश्वाससुद्धा नाही. स्वतः माझ्यापुढं म्हणाला, तिथं कोणी ऐकत नाही. फातेहा तो नुसत्या तोंडानं देतो. याला तू कट्टर म्हणतोस?"

मला वाटलं, जिंकलो. अविराजचं तोंड बंद झालं होतं. मग हळूहळू ते उघडलं, आणि तो म्हणाला, "मग तर मिटलंच. ज्याचा विश्वासच न्हाय, त्यानं आपल्या देवाला काय सांगायचं?"

कुशाकाकू दाराजवळ बसली होती. चहा आला होता, तिनं घेतला नाही. नातीचा हात धरून उठली आणि गेली.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

मी बाबालालची बाजूच घेत होतो. हे कोणीही सांगेल. समोरच्यानं 'कट्टर' म्हटल्यावर त्याला पुराव्यानिशी खोडून काढायचं की गप्प बसायचं? गप्प बसलो असतो तर उद्या हेच लोक म्हणाले असते, सरांनी मित्राचा बचाव केला नाही. बचाव केला, तो जरा जास्त झाला, एवढंच.

कौसल्या मात्र सकाळपासून माझ्याशी तुटक बोलते आहे. विचारलं तर म्हणते, काही नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

बाबालाल आला नाही. शांतवन आला, पण स्कूटरवरून उतरून शेडच्या दाराशीच उभा राहिला. मी खुर्ची पुढं केली, बसला नाही. गाव लहान आहे, भिगवणपर्यंत सगळं पोचलं होतं. मशिदीत बाबालालला कोणी तरी विचारलं, इतकी वर्षं तुम्ही तिथं जाऊन काय म्हणत होता आणि कोणासाठी? इकडं गावातली पोरं त्याला बघून म्हणतात, चाचा, नुसतं तोंडानं रामराम. तो ना इकडचा राहिला ना तिकडचा.

मी म्हटलं, माझा हेतू वाईट नव्हता.

"हेतूचं मी विचारलंच न्हाय," शांतवन म्हणाला. "तीस वर्षं दवाखान्यात हुतो, मोहनराव. कुणाला काय झालंय ते मला त्याच्या घरच्यांच्या आदी कळायचं. बायकोलासुद्धा कधी सांगितलं न्हाय. आणि मी तर माझ्या पोरीचं तुमाला सांगून बसलो."

मी म्हटलं, तुझं मी कोणाला बोललो नाही. तो म्हणाला, अजून वाद झाला नसंल. आणि गेला.

ते लागलं. दुपारभर बागेत नुसता फिरत होतो.

११ फेब्रुवारी, मंगळवार

कुशाकाकूकडं गेलो. ती उन्हात गोधडीवर बसली होती. मला बघून म्हणाली, "ये मोहना." मग म्हणाली, "इतकी वरसं पोचलंच न्हाय का रं?"

तिचा मधला मुलगा लहानपणी विहिरीत पडून वाचला होता. तेव्हापासून ती दर कंदुरीला त्याच्या नावानं वेगळा मलिदा ठेवते. तो मुलगा आता साठीचा आहे. मी तिला समजावू लागलो की तसं काही नसतं, पोचणं न पोचणं. तिनं मान फिरवली. म्हणून मग मी सांगितलं, बाबालाल तुझ्यासाठी म्हणायचा, काकू. तू हात जोडून उभी असतेस, म्हणून.

ती माझ्याकडं वळली. "हे तू बैठकीत का न्हाय सांगितलंस?"

उत्तर दिलं नाही. इथं देतो. आठवलं नाही असं लिहिलं तर खोटं होईल. बोलताना ते वाक्य माझ्या जिभेवर होतं. पण ते सांगितलं असतं तर मुद्दा कच्चा झाला असता. माणूस म्हाताऱ्या बाईखातर फातेहा देतो, म्हणजे त्याला त्याची चाड आहे, मग विश्वास नाही कसा म्हणायचं? मला धारदार वाक्य हवं होतं. म्हणून अर्धं कापलं.

भावकीनं ठरवलं आहे की यंदा बकरंच नको. गोडी कंदुरी. फातेहा नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

बाबालालच्या घरी गेलो. चार दिवस जाईन जाईन करत होतो. दार यासीननं उघडलं. बारामतीच्या एमआयडीसीत कामाला आहे, माझा विद्यार्थी, दहावीला विज्ञानात चांगले गुण होते. त्यानं आदबीनं आत नेलं, पाणी दिलं आणि म्हणाला, "एका अर्थी बरं झालं, सर. अब्बा सुटले त्यातून. मी किती वर्षं सांगत होतो, हे सोडा म्हणून."

बाबालाल तिथंच कॉटवर बसून टीव्हीवरची मालिका बघत होता. मुलाचं बोलणं त्यानं ऐकलं. त्याचा चेहरा मला दिसला आणि मी नजर वळवली. जे तो सोडत नव्हता त्यातून त्याला मीच सोडवलं होतं, आणि आता घरचे त्याचं अभिनंदन करत होते.

मी म्हटलं, बाबालाल, चुकलं. तो म्हणाला, च्या घ्या. मालिका चालूच होती. त्यातली सासू सुनेला घराबाहेर काढत होती आणि आम्ही दोघं ते बघत बसलो. चहा संपल्यावर उठलो.

२२ फेब्रुवारी, शनिवार

ठरवलं आहे. उद्या कंदुरीला सगळी भावकी असेल. सगळे बसले की उभं राहून माझी २००१ सालची गोष्ट सांगायची. देवऋषी, काळी कोंबडी, सगळं. सांगायचं की बाबालालनं निदान खरं सांगितलं, मी चोवीस वर्षं लपवलं. तेव्हा फातेहा द्यायला कोण लायक आणि बोलायला कोण लायक, ते तुम्हीच ठरवा. माझी झाकली मूठ उघडली म्हणजे त्याची जी उघडी पडली आहे ती एकटी पडणार नाही. याहून दुसरी भरपाई मला सुचत नाही.

कौसल्येला आधी सांगावं का? उद्या सगळ्यांबरोबर कळेलच.

२३ फेब्रुवारी, रविवार

काय झालं ते क्रमानं लिहितो.

सकाळी ठाणं धुतलं. पिरावर घालायचा हिरवा गलेफ दर वर्षी मुलाण्याच्या घरून येतो; पूर्वी जुलेखा शिवायची, ती गेल्यावर बाबालाल बारामतीहून शिवून आणायचा. यंदा गलेफ येणार नाही असं धरून अविराजनं कापड आणून ठेवलं होतं. दहाच्या सुमारास शांतवन स्कूटरवर आला. पिशवीतून त्यानं नवा गलेफ काढला, जरीच्या किनारीचा, व्यवस्थित घडी घातलेला, आणि लोबानाची पुडी. माझ्या हातात न देता कुशाकाकूच्या हातात दिला. जेवायला थांब म्हटलं, थांबला नाही.

अविराजनं आपलं कापड बाजूला ठेवलं. तोच गलेफ घातला.

मलिदा मांडला, ऊद-लोबान जाळला. सगळे उभे राहिले. आणि मग काही झालंच नाही. दर वर्षी इथं बाबालाल डोक्याला रुमाल बांधून पुढं व्हायचा आणि पुटपुटायला लागायचा. दोन-तीन मिनिटं आम्ही सगळे माना खाली घालून उभे असायचो, काही कळत नसे, पण सुरुवात झाली आणि संपलं हे कळायचं. आज कोणाला काय म्हणायचं ते माहीत नव्हतं. आरती म्हणावी तर ती देवाची. एका पोरानं मोबाईल काढला, त्याच्या आईनं तो खिशात घालायला लावला. लोबानाचा धूर डोळ्यांत जात होता. कुशाकाकू हात जोडून, डोळे मिटून उभी होती आणि वाट बघत होती. मग तिनं डोळे उघडले.

"मोहना," ती म्हणाली, "तू शिकलेला हायस. तू बोल काय तरी."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. याहून चांगली वेळ मागून मिळाली नसती. मी दोन पावलं पुढं गेलो. सौरभ आणि सूनबाईसुद्धा पुण्याहून आले होते, पहिल्या रांगेत होते. सूनबाईच्या कडेवर नात, श्रेया. अविराज हाताची घडी घालून उभा होता. माझे दोन-तीन जुने विद्यार्थी होते, त्यांनी तो भानामतीचा कार्यक्रम बघितला होता, त्यातल्या एकानं तर त्यात भूत केलं होतं. मी तोंड उघडलं.

"हात जोडा," मी म्हणालो. सगळ्यांनी जोडले. मग म्हणालो, "आता जेवून घ्या. कोणी उपाशी जाऊ नका."

लोक पंगतीला बसले. कुशाकाकू एकटीच थोडा वेळ उभी होती. तिनं मधल्या मुलाच्या नावाचा मलिदा पिरापुढं ठेवला नाही, पदरात बांधून घरी नेला.

मी भित्रा आहे. दुसरं काही लिहिण्यासारखं नाही.

२ मार्च, रविवार

आजपासून रोजे. शेडमध्ये कोणी आलं नाही. मीही गेलो नाही.

३१ मार्च, सोमवार. ईद

सकाळी शांतवन गाडी घेऊन दारात. म्हणाला, चला, ईदला न जाण्याइतकं काही बिघडलेलं नाही. तो असं म्हणाला खरा, पण रस्ताभर बोलला नाही.

बाबालाल पांढऱ्या शुभ्र कपड्यांत ओट्यावर उभा होता. गळाभेट घेतली. "या मास्तर, बसा," म्हणाला. बोर्डिंगापासून मी त्याचा मोहन्या होतो. घरात पाहुणे होते, यासीनची पोरं नव्या कपड्यांत नाचत होती. वाट्या आल्या. शांतवन पोरांना घेऊन स्कूटरवर फेरी मारायला गेला. मुद्दाम गेला असणार. आम्ही दोघं ओट्यावर राहिलो.

मी म्हटलं, बाबालाल, मला एक सांगायचं आहे. शेडमध्ये माझ्या पाळीला सांगायला हवं होतं. कंदुरीच्या दिवशी सगळ्यांपुढं सांगणार होतो, जमलं नाही. सौरभ लहान असताना, २००१ साली...

"अमावस्येच्या गाडीचं म्हणताय न्हवं?" तो म्हणाला.

मी वाटी खाली ठेवली.

त्यानं शांतपणे सांगितलं. तेव्हा काही महिने त्याला गाडीऐवजी बारामती स्टँडवर कंट्रोलच्या खिडकीत ड्युटी होती. पहिल्या अमावस्येला मला बघून हाक मारणार होता, पण मी तोंड फिरवून गाडीत चढलो, म्हणून थांबला. दुसऱ्या अमावस्येलाही त्याच गाडीला बघितल्यावर त्याला कळलं. तिसऱ्या वेळी कोंबडीनं पिशवीतून मान बाहेर काढली आणि त्या गाडीचा कंडक्टर हसत खिडकीशी आला, की तुमच्या गावचे विज्ञानाचे मास्तर काळी कोंबडी घेऊन कुठं निघाले? बाबालालनं त्याला सांगितलं, सासुरवाडीला, पाहुण्यांना तीच आवडते. आणि त्याला गाडी सोडायला लावली.

चोवीस वर्षं. मी गावात व्याख्यानं दिली, तो समोर बसून ऐकायचा. भानामतीच्या कार्यक्रमाला सगळ्यात आधी टाळ्या त्याच्या असायच्या. त्या रविवारी पाऊण तास ऐकून घेऊन त्यानं 'तुझं काय' म्हणून विचारलं, तेव्हा त्याला सगळं माहीत होतं. तो मला संधी देत होता. ती मी घेतली नाही, तरीही पुढच्या रविवारी त्यानं आपलं सांगितलं.

मी विचारलं, कधीच कोणाला बोलला नाहीस? जुलेखालासुद्धा? मलासुद्धा नाही?

"त्यात बोलायचं काय?" तो म्हणाला. "तुझं पोरगं आजारी हुतं."

तो 'तुझं' म्हणाला हे माझ्या लक्षात आलं, त्याच्याही आलं असावं, कारण मग तो उठून आणखी शेवया आणायला आत गेला. मी ओट्यावर बसून राहिलो. त्याचीही बायको आजारी होती. एकोणचाळीस गुरुवार तो पहाटे माझ्या बांधावर येऊन दिवा लावून गेला, आणि ती गोष्ट मी खताच्या दुकानदाराला गप्प करायला वापरली. हे मला त्याला मोठ्यानं सांगायचं होतं. तो परत येईपर्यंत यासीनचे पाहुणे येऊन शेजारी बसले.

निघताना विचारलं, रविवारी येशील ना शेडमध्ये? तो म्हणाला, बघू, सध्या ऊन फार आहे. मग शांतवनला म्हणाला, मास्तरांना सावकाश न्या.

घरी आलो. कौसल्या दारातच होती. बाबालाल काय म्हणाला, तिनं विचारलं. तिच्या चेहऱ्यावरून वाटलं, ती इतके दिवस हेच विचारायला थांबली होती.

मी म्हटलं, शीरखुर्मा चांगला झाला होता.